यंत्रासोबत आलेले पुस्तक

सणाचा दिवस. पाहुणे येण्यास जेमतेम तासाभराचा अवधी. स्वयंपाकघरात एकीकडे पुरणाचे पातेले शिजत असते आणि दुसरीकडे मिक्सरच्या भांड्यात ओले खोबरे, डाळे व कोथिंबीर काठोकाठ भरलेली असते. मिक्सर एकदा घुरघुरतो आणि थांबतो. बटण पुन्हा फिरवले जाते, प्लग काढून लावला जातो, मिक्सरवर हलकेच थाप मारून पाहिली जाते. पण यंत्र निःशब्द. मग घरातील कोणीतरी निकाल देते, ‘मोटर जळाली.’ दुसऱ्या दिवशी दुकानदारही तोच निकाल कायम करतो आणि वर सल्ला देतो, ‘दुरुस्तीला जाईल त्यात थोडी भर घाला, नवीनच घ्या.’ जुना मिक्सर माळ्यावर जातो आणि घरखर्चाच्या वहीत तीन-चार हजारांचा आकडा चढतो.

प्रत्यक्षात अनेक मिक्सरच्या तळाशी एक लहानसे, बहुधा लाल रंगाचे बटण असते. यंत्रावर प्रमाणाबाहेर भार पडला की मोटर जळू नये म्हणून ते वीजप्रवाह आपोआप तोडते. अशा वेळी प्लग काढावा, भांड्यातील जिन्नस कमी करावा, मोटर निवू द्यावी आणि मग ते बटण आत दाबावे. बहुतेक वेळा मिक्सर पूर्ववत सुरू होतो. ही गोष्ट कोणा जाणकाराच्या गुपितातली नाही. यंत्रासोबत खोक्यातून आलेल्या लहानशा पुस्तिकेत ती छापलेली असते. पण खोके उघडले त्याच दिवशी ती पुस्तिका थर्माकोलबरोबर रद्दीत गेलेली असते. कुकरसोबत आलेली पाककृतींची पुस्तिका वीस वर्षे जपून ठेवणाऱ्या घरांतही मिक्सरची पुस्तिका सापडत नाही, हे खरे नवल.

हरवलेली ही पुस्तिका पुन्हा मिळते, बहुधा विनामूल्य मिळते, आणि तिच्यासोबत कंपनीचे मार्गदर्शनही मिळू शकते. मात्र ते कोठे व कसे मागावे हे ठाऊक असावे लागते.

एका यंत्राच्या चार पुस्तिका

‘मॅन्युअल’ हा शब्द सरसकट वापरला जात असला तरी त्याखाली निरनिराळी कागदपत्रे येतात. पहिली वापरकर्त्याची पुस्तिका. यंत्र कसे जोडावे, कसे चालवावे, कसे स्वच्छ करावे आणि बंद पडल्यास प्रथम काय तपासावे, हे तिच्यात असते. दुसरी दुरुस्ती पुस्तिका, म्हणजे सर्व्हिस मॅन्युअल. ही कारागिरासाठी लिहिलेली असते आणि यंत्र कोणत्या क्रमाने उघडावे, कोणता भाग कसा तपासावा हे सांगते. तिसरी सुट्या भागांची सचित्र यादी. तिच्यात यंत्राचा प्रत्येक भाग सुटा काढून दाखवलेला असतो व त्यासमोर त्याचा क्रमांक असतो. चौथा विद्युतजोडणीचा आराखडा.

यांपैकी पहिली पुस्तिका बहुतेक कंपन्या कोणालाही देतात. सुट्या भागांची यादीही मागितल्यास अनेकदा मिळते. दुरुस्ती पुस्तिका आणि आराखडा यांबाबत मात्र कंपन्यांचा हात आखडता असतो. म्हणून मागणी करताना नेमके काय हवे आहे ते स्पष्ट सांगावे. केवळ ‘मॅन्युअल पाठवा’ असे म्हटल्यास पहिलीच पुस्तिका हाती येते.

गृहिणीच्या दृष्टीने पहिल्या पुस्तिकेतील सर्वांत मोलाचा भाग शेवटी असतो. ‘दोष, संभाव्य कारण व उपाय’ अशा तीन रकान्यांचा तो तक्ता. वॉशिंग मशीनच्या पडद्यावर उमटणारी अक्षरे व आकडे म्हणजे यंत्राची तक्रारच असते. नळाचे पाणी येत नाही, पाणी बाहेर जात नाही, झाकण नीट लागले नाही, कपडे एका बाजूस गोळा झाले, अशा साध्यासुध्या कारणांसाठीही हे संकेत उमटतात. प्रत्येक कंपनीचे संकेत वेगळे, म्हणून शेजारणीच्या यंत्राचा अनुभव आपल्या यंत्राला लागू पडेलच असे नाही. घरघंटीचेही तसेच. दार पुरते बंद नसेल तर अनेक घरघंट्या सुरूच होत नाहीत. धान्य दमट असेल तर जाळी बुजते आणि पीठ पडणे थांबते. शिवणयंत्र टाके सोडू लागले की यंत्र जुने झाले असा समज होतो. पण कित्येकदा सुई बोथट झालेली असते, किंवा तिची सपाट बाजू चुकीच्या दिशेला बसवलेली असते. ती बाजू कोणत्या दिशेला हवी, हे पुस्तिकेतील एका चित्रात दिसते.

यंत्राचे नाव आणि जन्मक्रमांक

पुस्तिका मागण्यापूर्वी यंत्राची ओळख पटवावी लागते. प्रत्येक यंत्रावर कोठेतरी धातूची किंवा कागदाची एक पट्टी असते. मिक्सरची पट्टी तळाशी, फ्रिजची बहुधा आतल्या भिंतीवर, वॉशिंग मशीनची मागे किंवा दाराच्या चौकटीजवळ, घरघंटीची पाठीमागे. त्या पट्टीवर दोन वेगवेगळे क्रमांक आढळतात. मॉडेल क्रमांक हे त्या घडणीच्या सर्व यंत्रांचे समान नाव. अनुक्रमांक हा त्या एका यंत्राचा जन्मक्रमांक. पुस्तिकेसाठी मॉडेल क्रमांक लागतो, तर हमीच्या कामासाठी अनुक्रमांकही लागतो. एका अक्षराच्या फरकानेही भाग बदलू शकतो, म्हणून क्रमांक तोंडी सांगण्यापेक्षा पट्टीचे छायाचित्र काढून ठेवणे उत्तम.

जुन्या शिवणयंत्रांच्या बाबतीत हा क्रमांक एखाद्या जन्मपत्रिकेसारखा बोलतो. आजीच्या लग्नात आलेल्या सिंगर यंत्राच्या अंगावर कोरलेल्या अक्षर-आकड्यांवरून ते कोणत्या कारखान्यात व कोणत्या सुमारास तयार झाले हे ओळखता येते. त्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून अनेक यंत्रांच्या पुस्तिका विनामूल्य उतरवून घेता येतात. दोन पिढ्या कोपऱ्यात उभे असलेले यंत्र नातीच्या हाताखाली पुन्हा चालू लागण्यासाठी कधीकधी एवढ्याशाच कागदाची उणीव असते.

मागावे कसे?

पहिला मार्ग कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळाचा. तेथे ‘सपोर्ट’ किंवा ‘डाउनलोड्स’ या विभागात मॉडेल क्रमांक टाकला असता पुस्तिका बहुधा मिळते. तेथे न मिळाल्यास ग्राहक सेवा केंद्रास पत्र, ई-मेल किंवा दूरध्वनी करावा. हा पत्ता शोधण्यास फार कष्ट पडू नयेत अशी तजवीज कायद्यानेच केली आहे. आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार, तक्रारीसाठी ज्यांच्याशी संपर्क साधायचा त्यांचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक व ई-मेल वेष्टनावर छापणे आवश्यक असते. म्हणूनच खोके फेकण्यापूर्वी त्या मजकुराचे छायाचित्र काढून ठेवावे.

पत्र लांबलचक नसावे. पुढील नमुना पुरेसा आहे :

‘महोदय, आमच्याकडे आपल्या कंपनीचे (यंत्राचे नाव) आहे. मॉडेल क्रमांक (…), अनुक्रमांक (…), खरेदीचा दिनांक (…). यंत्रात पुढील दोष आढळतो : (एक-दोन वाक्यांत). कृपया या मॉडेलची वापरकर्ता पुस्तिका व सुट्या भागांची यादी पाठवावी. वरील दोषासाठी घरी कोणती तपासणी करता येईल आणि कोणता भाग लागण्याची शक्यता आहे, तेही कळवावे. जवळच्या अधिकृत सेवा केंद्राचा पत्ता व तपासणीचे शुल्क कळविल्यास आभारी राहू.’

या पत्रात तक्रारीचा सूर नाही, पण मागणी निश्चित आहे. लेखी उत्तर आले की ते पुढे पुरावा म्हणून कामास येते. दूरध्वनीवर बोलणे झाल्यास तक्रार क्रमांक, दिनांक व बोलणाऱ्याचे नाव वहीत टिपून ठेवावे. अनेकदा तज्ज्ञ दूरध्वनीवरच दोन-तीन प्रश्न विचारून दोष शोधून देतात व घरी येण्याचे शुल्क वाचते.

येथे एका धोक्याची जाणीव ठेवणे अत्यावश्यक आहे. शोधयंत्रावर ‘कस्टमर केअर नंबर’ असे शोधले असता भामट्यांनी पेरलेले खोटे क्रमांकही समोर येतात. असा भामटा आपुलकीने बोलतो, नोंदणीसाठी केवळ दहा रुपये भरण्यास सांगतो, एखादे अ‍ॅप भ्रमणध्वनीवर उतरवून घ्यायला लावतो आणि त्याद्वारे पडदा पाहून बँकेचे खाते रिकामे करतो. घरी एकट्या असणाऱ्या ज्येष्ठांना हा फास लवकर बसतो. म्हणून क्रमांक घ्यावा तो खोक्यावरून, हमीपत्रावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच. ओटीपी कोणासही सांगू नये. पुस्तिका देण्यासाठी कार्डाचा क्रमांक विचारणाऱ्या परक्या संकेतस्थळांपासूनही दूर राहावे. यंत्र सुधारताना आयुष्यभराची पुंजी गमावण्याची वेळ येऊ नये.

पुस्तिकेअभावी काय घडते?

हा विषय केवळ घरखर्चाचा आहे असे वाटत असेल तर २०२० साल आठवावे. कोरोनाच्या साथीत जगभर श्वसनयंत्रांची टंचाई निर्माण झाली. जी यंत्रे होती ती अखंड चालती ठेवणे हा रुग्णाच्या जीवनमरणाचा प्रश्न झाला. रुग्णालयांतील तंत्रज्ञ यंत्रे दुरुस्त करण्यास तयार होते, परंतु अनेक यंत्रांच्या दुरुस्ती पुस्तिका त्यांच्या हाती नव्हत्या. त्या मिळवण्यासाठी कंपन्यांच्या दारात खेपा घालाव्या लागत. तेव्हा अमेरिकेतील आयफिक्सिट या संस्थेने ग्रंथपाल व अभिलेखपाल यांच्या स्वयंसेवी मदतीने वैद्यकीय उपकरणांच्या पुस्तिका गोळा करण्यास आरंभ केला. मे २०२० मध्ये १३ हजारांहून अधिक पुस्तिकांचा संग्रह सर्वांसाठी विनामूल्य खुला झाला. रुग्णाच्या खाटेशेजारी ग्रंथपालाची विद्याही अशी उपयोगी पडली.

या संस्थेचा जन्मच एका न मिळालेल्या पुस्तिकेतून झाला आहे. २००३ साली कॅलिफोर्नियातील काइल वीन्स या विद्यार्थ्याचा अ‍ॅपल कंपनीचा संगणक नादुरुस्त झाला. दुरुस्तीची पुस्तिका कोठेही मिळेना. त्याने चाचपडत यंत्र उघडले, आणि या खटाटोपातून आपल्यासारख्या इतरांसाठी स्वतःच सचित्र पुस्तिका लिहाव्यात हा विचार त्याच्या व त्याचा सहाध्यायी ल्यूक सोल्स याच्या मनात रुजला. पुढे जगभरातील हजारो लोकांनी त्यात भर घातली. काळ असा फिरला की २०२२ साली अ‍ॅपल कंपनीनेही अमेरिकेत आपल्या निवडक फोनच्या दुरुस्ती पुस्तिका व सुटे भाग ग्राहकांसाठी खुले केले.

आपल्याकडेही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे यंत्र अनेक घरांत व सामाजिक संस्थांच्या दालनांत आले. आज त्यांपैकी किती चालू स्थितीत आहेत, हे ज्याने त्याने आपल्या संस्थेच्या कपाटात पाहावे. हवा आत घेणारी जाळी वेळोवेळी धुऊन वाळवून बसवावी लागते, हे त्या यंत्रांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ते न केल्यास यंत्र तापते व त्याची क्षमता घटते. दात्याने यंत्र दिले, पण पुस्तिका कोणी जपली नाही, तर दान अर्धेच राहते. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी अशा प्रत्येक यंत्राची पुस्तिका कंपनीकडून मागवून यंत्रालाच बांधून ठेवावी. आणीबाणीच्या रात्री ती शोधायला सवड नसते.

कायद्याचे पाठबळ

दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा भारतात अद्याप झालेला नाही. तरीही ग्राहक निराधार नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र कारागिरांना खुल्या बाजारात मिळू न देणे हा त्यांच्यावरील ठपका होता. या आदेशास पुढे आव्हाने दिली गेली, तरी वस्तू विकल्यानंतरही तिच्या दुरुस्तीची किल्ली कंपनीने आपल्याच मुठीत ठेवावी काय, हा प्रश्न त्यामुळे देशापुढे आला.

जुलै २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिने आरंभी चार क्षेत्रे निवडली : शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी व टॅब्लेट, गृहोपयोगी टिकाऊ वस्तू आणि मोटारी. त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू झाले. त्यावर निरनिराळ्या कंपन्यांची माहिती एकत्र पाहता येते. पुस्तिका व दुरुस्तीच्या चित्रफिती, सुट्या भागांच्या किमती, सेवा केंद्रे आणि हमीच्या अटी यांची माहिती एकाच ठिकाणी मिळावी, हा त्यामागील हेतू.

कंपनीने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा विनाशुल्क क्रमांक आहे. तेथे मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. न्यायालयीन वादापूर्वीच ती कंपनीपुढे मांडली जाते व पुष्कळदा प्रश्न तेथेच सुटतो. न सुटल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जाता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क पडत नाही. याच कायद्याच्या कलम ८४ नुसार, धोका टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना उत्पादनासोबत दिल्या नाहीत आणि त्यामुळे इजा झाली, तर उत्पादकावर जबाबदारी येते. सूचना देणे हा कंपनीचा उपकार नसून तिचे कर्तव्य आहे, हे यातून स्पष्ट व्हावे.

इतर देशांत हा विचार अधिक पुढे गेला आहे. युरोपात २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार वॉशिंग मशीनच्या त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान दहा वर्षे तिचे प्रमुख सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये खास शेतकऱ्यांसाठी कायदा केला. १ जानेवारी २०२४ पासून तेथे शेतीयंत्रांच्या उत्पादकांना पुस्तिका, सुटे भाग व साधने शेतकऱ्यास आणि स्वतंत्र कारागिरास द्यावी लागतात. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला आणि अधिकृत तंत्रज्ञ आठवडाभराने आला तर काय होते, हे सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

हात कोठे आवरावा?

पुस्तिका हाती आली म्हणजे प्रत्येकाने पेचकस घेऊन बसावे असे नव्हे. कोठे थांबावे, हेही पुस्तिका शिकवते. मायक्रोवेव्ह ओव्हन घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार साठून राहू शकतो. फ्रिज व वातानुकूलन यंत्रातील वायूचे काम, गॅस शेगडीची गळती, इन्व्हर्टरची अंतर्गत दुरुस्ती ही प्रशिक्षित माणसाचीच कामे. हमीची मुदत चालू असताना यंत्राचे सील तोडल्यास हमी नाकारली जाऊ शकते, म्हणून प्रथम हमीपत्र वाचावे. आणि कोणत्याही यंत्राला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा, केवळ बटण बंद करून भागत नाही.

मात्र स्वतः दुरुस्ती न करणाऱ्यालाही पुस्तिकेचा मोठा लाभ होतो. गावातील पेठेत वर्षानुवर्षे बसणारा कारागीर हुशार असतो. पण नव्या यंत्राचा आराखडा त्याच्याजवळ नसतो, म्हणून तो ‘नवीन घ्या’ असे सांगून मोकळा होतो. ग्राहकाने सुट्या भागांची यादी व भागाचा क्रमांक त्याच्या हाती ठेवला तर तोच कारागीर काम हौसेने अंगावर घेतो. ग्राहकाचे पैसे वाचतात, कारागिराच्या चुलीला आधार मिळतो आणि चालू शकणारी वस्तू उकिरड्यावर जाण्यापासून वाचते. शिवाय कोणता भाग बदलला, त्याची किंमत किती, हे कागदावर असल्याने दोघांमध्ये शंकेला जागा राहत नाही.

घरातील एक जाड पाकीट

यासाठी घराघरांत एक लहानशी सवय लागावी. नवी वस्तू आली की तिचे बिल, हमीपत्र, पुस्तिका आणि पट्टीचे छायाचित्र एका जाड पाकिटात ठेवावे. पाकिटावर वस्तूचे नाव, खरेदीचा दिनांक व कंपनीचा संपर्क लिहावा. दुरुस्ती झाली की दिनांक, बदललेला भाग आणि दिलेली रक्कम आतल्या कागदावर टिपावी. थर्मल कागदावरील बिल काही महिन्यांत पुसट होते, म्हणून त्याची छायाप्रत लगेच काढावी. ज्या वस्तूंच्या पुस्तिका आधीच हरवल्या आहेत त्यांची यादी करून, सुटीच्या एखाद्या दुपारी घरातील मुलांना त्या शोधून उतरवून घ्यायला सांगावे. पट्टीवरील क्रमांक आजोबांनी वाचावा, नातवाने तो संगणकावर टाकावा, आणि सापडलेली पुस्तिका आजीने पडताळून पाहावी. एका दुपारीत घरभराचे काम उरकते.

पुढच्या सणाला मिक्सर पुन्हा घुरघुरून थांबेल, तेव्हा कोणी माळ्याकडे पाहणार नाही. प्लग निघेल, भांडे अर्धे रिकामे होईल, पाच-दहा मिनिटे मोटर निवेल, आणि घरातील एखादी मुलगी खाली वाकून ते लाल बटण दाबेल. पाहुणे येण्यापूर्वी चटणी तयार असेल.